हिवाळ्यात कासव जागं ठेवायचंय, पण ते कोपरा सोडत नाही

पाठीवर_बिऱ्हाड
९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

हर्मन जातीचं कासव (भूमध्य समुद्राकडचं, जमिनीवर राहणारं), वय चार वर्षं, वजन ३१० ग्रॅम. मुक्काम मँचेस्टर. सप्टेंबरात जंत निघाले, औषध झालं, पण वजन पुरतं भरून आलं नाही. म्हणून व्हेटने यंदा शीतनिद्रा नको, हिवाळाभर घरात जागंच ठेवा असं सांगितलंय.

ऑक्टोबरच्या मध्यापासून खाणं कमी होत गेलं. आता दिवसाला दोन-तीन पानं. सकाळी उचलून दिव्याखाली ठेवलं की दहा मिनिटांत कोपरा गाठतं, उकरतं आणि डोळे मिटून बसतं.

सध्याची मांडणी अशी: वरून उघडं लाकडी टेबल, १२० बाय ६० सेंमी. एका टोकाला ६० वॉटचा स्पॉट. यूव्हीबीसाठी (उन्हातले अतिनील किरण, ड जीवनसत्त्वासाठी लागणारे) स्प्रिंगसारखा वळलेला कॉम्पॅक्ट बल्ब, बाजूच्या फळीला क्लॅम्पने लावलेला. खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई). तळाला झाडाच्या सालीचे तुकडे, चारेक सेंमी. खोली दिवसा १९ अंश, रात्री १४. दिवे सकाळी ८ ते संध्याकाळी ५.

तीन प्रश्न आहेत. हीट मॅट मोठी घेऊ का? दुपारी हॉलमध्ये मोकळं सोडलं तर हालचाल वाढेल का? आणि काकडी-टोमॅटो अजून आवडीने खातंय, तर तेच देत राहू का?

---

कोवळं_ऊन
९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: ‘नाही’. आता कारणं.

कासव आजारी असेलच असं नाही, पण त्याच्या हिशेबाने वर्ष संपलंय. तुमच्याकडे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. खोलीत हीटिंग चालू असलं तरी कासव ऋतू ओळखतं ते उजेड किती लख्ख आणि किती वेळ यावरूनही. ६० वॉटचा एक पिवळट ठिपका आणि बाकी टेबलावर संधिप्रकाश, तोही नऊच तास. अशा ठिकाणी कुठलंही शहाणं कासव उकरून बसणार.

यात धोका असा की १० ते १८ अंशांच्या मधला पट्टा दिवसभर मिळाला तर ते ना धड झोपतं, ना धड जागं राहतं. खरी शीतनिद्रा ५ अंशांच्या आसपास होते, तेव्हा शरीराचा खर्च जवळजवळ थांबतो. १५ अंशांवर खर्च चालू राहतो, पचन मात्र बंद. पोटातला पाला तसाच पडून आंबतो, साठा जळतो, प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि दोन महिन्यांनी नाक वाहायला लागतं. जंतांच्या औषधातून उठलेल्या, हलक्या कासवाला हे परवडणारं नाही.

उजेड. सकाळी ७ ते रात्री ८, तेरा तास, टायमरवर. हाताने बटण दाबण्यावर भिस्त ठेवू नका, रविवारी उशीर होतोच. टेबलाच्या पूर्ण लांबीवर ६५०० केल्विनची एलईडी पट्टी लावा. तिचं काम फक्त ‘दिवस आहे’ हे सांगायचं. एवढ्यानेच निम्मा फरक पडतो आणि लोक नेमकी हीच गोष्ट वगळतात.

यूव्हीबी. तो वळलेला बल्ब काढा. त्याचा झोत लहान, आणि बाजूने लावल्यामुळे किरण थेट डोळ्यांत जातात. कासवाला भुवईच्या हाडाची सावली असते, ऊन वरून येणार हे गृहीत धरूनच. टी५ हाय आउटपुट नळी घ्या, आर्केडिया कंपनीची १२ टक्क्यांची किंवा झू मेड कंपनीची १०.०, रिफ्लेक्टरसह. २४ वॉटची नळी ५५ सेंमी लांब येते, म्हणजे टेबलाचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत राहील. तेच हवंय. पाठीपासून नळीचं अंतर ३८ ते ४० सेंमी ठेवलं तर यूव्ही निर्देशांक साधारण ३ ते ४ मिळतो. मध्ये काच किंवा प्लास्टिक अजिबात नको, जाळीही नको. जाळी बारीक असेल तर तिसरा हिस्सा तिथेच अडतो. नळी वर्षभराने बदलायची. ती पेटलेली दिसत राहते, पण यूव्हीबी घटलेलं असतं. बदलल्याची तारीख मार्करने नळीच्या टोकावर लिहून टाका.

ऊब. ही नळीच्या बरोबर खालीच हवी. कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला किरण आणि उष्णता दोन्ही एकाच वेळी लागतात. यूव्हीबी एका टोकाला आणि ऊब दुसऱ्या टोकाला असं असलं तर दोन्हीवरचा खर्च वाया.

एका अरुंद स्पॉटऐवजी ७५ वॉटचे दोन हॅलोजन फ्लड, पार३८ आकाराचे, शेजारी शेजारी. अरुंद झोत पाठीच्या मधल्या दोन खवल्यांवरच पडतो, तिथे कवच तापून कोरडं पडतं आणि पाय मात्र गारच राहतात. खरेदी करताना खोका वाचा. पार३८ मागितलं की हल्ली एलईडीच हातात देतात. दिसायला तसाच, पण ऊब शून्य. होल्डर चिनीमातीचा घ्या, दिवा साखळीने टांगा, वायरीवर नाही. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ बल्ब घेऊ नका. कासवाला रंग दिसतात, ते दिवे त्याची झोप मोडतात.

आकडे असे ठेवा: दिव्याखाली पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश, गार टोकाला २० ते २२, रात्री १५ ते १८. रात्री थोडं थंड होणं चांगलंच असतं, दिवसा नीट तापायला मिळालं पाहिजे इतकंच. १४ ला जातंय म्हणून रात्रीसाठी १०० वॉटचा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट १६ वर. त्यातून उजेड येत नाही, म्हणून रात्रीला चालतो.

हीट मॅट आजच काढा. गरम व्हायला लागलं की कासव खाली उकरतं, कारण निसर्गात खालची माती गार असते. मॅटमुळे जितकं खाली जावं तितकं जास्त गरम. पोटाखालून येणारी उष्णता त्यांना वेळेवर कळतही नाही, आणि पोटाचं कवच भाजतं.

टेबल वरून उघडं असल्यामुळे सगळी ऊब छताकडे जाते. गार टोकाकडच्या अर्ध्या भागावर ट्विनवॉल पॉलिकार्बोनेटचा (दुपदरी पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचा) तुकडा आडवा टाका. दिव्यांच्या बाजूला मात्र नाही, तिथे वितळेल.

विजेचं म्हणाल तर हे सगळं मिळून दिवसाला अडीच ते तीन युनिटच्या आसपास जाईल. डिमिंग थर्मोस्टॅट (दिवा बंद न करता मंद-तेज करणारा) लावलात तर त्याहून कमी.

---

ढेकळं
१० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

दिव्यांचं वर आलंय. मी माती, पाणी आणि पोट एवढंच घेतो.

सालीचे तुकडे फेकून द्या. त्यात बीळ टिकत नाही, पायाला पकड मिळत नाही, ओलसर ठेवले तर बुरशी येते आणि पानाला चिकटलेला तुकडा गिळला तर आतडं तुंबतं. खत आणि परलाइट नसलेली साधी टॉपसॉइल ६० टक्के आणि धुतलेली खेळायची वाळू ४० टक्के. तुमच्या टेबलावर १२ सेंमीचा थर द्यायचा तर साधारण ८५ लिटर माल लागतो: ५० लिटर माती, ३५ लिटर वाळू. याचं ओलं वजन शंभर किलोच्या वर जातं, तेव्हा आधी टेबलाचे पाय तपासा. पाय डगमगत असतील तर वाळूऐवजी नारळाचा भुसा. तळाला तलावात घालतात ते जाड प्लास्टिक अंथरा, नाहीतर सहा महिन्यांत फळी कुजेल.

पाणी वरून शिंपडायचं नाही. आठवड्यातून एकदा चारही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा लिटर ओता. पाणी तळाला पसरतं, वरचा थर कोरडा राहतो. मूठभर खालची माती दाबली तर लाडू वळावा आणि बोटाने ढोसल्यावर फुटावा, इतकी ओल पुरे. लाडूतून पाणी निथळलं तर जास्त झालं. पोटाचं कवच सतत चिखलात राहिलं तर तिथे कुजतं.

हालचाल हवी असेल तर सपाट टेबल मोडा. एका बाजूला ८-१० सेंमीचा उंचवटा करा. मातीच्या कुंड्या आडव्या अर्ध्या पुरा, एक गरम बाजूला, एक गार बाजूला. दोन्हीकडे लपायला जागा नसेल तर बिचाऱ्याला ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं. दिव्याखाली खडबडीत स्लेटची फरशी ठेवा. ती तापते, आणि नखं, चोच आपोआप घासली जातात. मध्ये दोन-तीन आडोसे असे ठेवा की एका टोकावरून दुसरं टोक दिसू नये. सगळं एकदम दिसलं तर फिरायचं कशाला? बदल करताना आठवड्याला एकच वस्तू हलवा. सगळं घर एका दिवसात फिरवलं तर ते दोन दिवस लपून बसेल.

खाणं वाटीत देऊ नका. उंचवट्यामागे थोडं, कुंडीजवळ थोडं, फरशीवर थोडं. शोधत फिरणं हाच त्याचा व्यायाम.

हॉलचं म्हणाल तर ती थंडीतली पायपीट आहे. जमिनीलगतची हवा खोलीच्या थर्मामीटरपेक्षा तीन-चार अंशांनी गार असते, लॅमिनेटवर पाय फाकतात, आणि गालिच्यातला केस-दोरा गिळला की ऑपरेशनची वेळ येते. खिडकीतलं ऊन दाखवून समाधान मानू नका. काचेतून यूव्हीबी येत नाही.

अंघोळ: ३० ते ३२ अंशांचं पाणी, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत, हनुवटी बुडता कामा नये. वीस मिनिटं. टब आरपार दिसणारा नको, नाहीतर सगळा वेळ भिंत चढण्यात जातो. पहिला आठवडा रोज, मग आठवड्यातून तीनदा. सकाळीच द्या आणि पुसून थेट दिव्याखाली. बहुतेकदा पाण्यातच शी-शू होते आणि त्यानंतर तासाभरात भूक उघडते. अडलेल्या कासवाला चालू करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

आता काकडी-टोमॅटो. काकडी म्हणजे पाणी, टोमॅटो म्हणजे साखर. हर्मनचं आतडं तंतुमय, कडसर पाल्यासाठी बनलंय. साखर गेली की आतड्यातले जंतू बिघडतात, पातळ होतं, आणि तुमच्या केसमध्ये उरलेसुरले जंतही फोफावतात. शिवाय गोडाची चटक लागली की पाला समोर असूनही उपोषण सुरू.

रोज पाठीच्या आकाराएवढा ढीग: लँब्ज लेट्यूस, रॅडिकियो, एन्डाइव्ह, चिकोरी आलटून पालटून. डँडेलियन आणि त्याचे भाऊबंद घराबाहेर मिळताहेत तोवर तेच पहिले, मग दुकान. आपल्या इसबगोलाच्या कुळातलं रुंद पानांचं प्लँटेनही उत्तम. जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंग, हे सगळं चालतं. वाळलेल्या जास्वंदीची फुलं चहाच्या दुकानात मिळतात. साखर किंवा वास न घातलेली घ्या, भिजवून पाल्यावर चुरगाळा. रुसलेलं कासवही लाल रंगाकडे वळतं.

पालक, चुका, चाकवत, बीटाची पानं नकोत. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कोबी क्वचितच. मोड आलेली कडधान्यं, पोळी, भात यांतलं काहीही नाही, कणभरही नाही. आजी-आजोबा भेटीला येणार असतील तर ही ओळ मोठ्या अक्षरांत टेबलावर चिकटवा.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस टेबलावर कायम पडू द्या, आणि साध्या कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट आठवड्यातून चार-पाच वेळा पाल्यावर. ड-३ घातलेली पूड आठवड्यातून एकदाच. यूव्हीबी नीट असताना तिचा मारा करण्यात अर्थ नाही.

---

काटा_तोळा
१० नोव्हेंबर, दुपारी १:०५

वजन दर आठवड्याला, त्याच वारी, अंघोळीआधी, किचनच्या डिजिटल काट्यावर. अंघोळीनंतर केलंत तर पिऊन घेतलेलं पाणी मोजाल, शू झाल्यावर केलंत तर घट दिसेल. ३१० ग्रॅमच्या कासवात १०-१५ ग्रॅम असे सहज इकडेतिकडे होतात. एका आकड्याने घाबरू नका. सलग तीन आठवडे उतरत असेल तर घाबरा.

अंघोळीच्या पाण्यात शूबरोबर पांढरं दिसेल ते बोटात चोळून बघा. दह्यासारखं मऊ असेल तर ठीक. रवाळ, वाळूसारखं लागलं तर पाणी कमी पडतंय.

मांडणी बदलल्यावर आठ-दहा दिवसांत खाणं सुरू व्हायला हवं. तसं झालं नाही, किंवा नाकात बुडबुडे, मान लांब करून तोंडाने श्वास, दिव्याखालीही डोळे मिटलेले असं काही दिसलं, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे. विष्ठेची तपासणी पुन्हा एकदा करून घ्याच. औषधाने जंतांची अंडी प्रत्येक वेळी पूर्ण जात नाहीत, आणि बंदिस्त टेबलावर तेच कासव तीच जागा चाटत असतं. म्हणूनच जुने तुकडे काढताना टेबल गरम पाण्याने घासा, वाळवा, मग नवी माती भरा.

---

पाठीवर_बिऱ्हाड
१६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. माती, नळी, एलईडी पट्टी आणि ७५ वॉटचे दोन दिवे लागले. दिवे स्लेटपासून ३० सेंमी वर आहेत. पाला तिसऱ्या दिवसापासून खातंय. पण दिव्याखाली मिनिटभर थांबून निघून जातं. स्लेटवर इन्फ्रारेड गनने ३४ अंश येतात, म्हणजे बरोबरच ना? थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) टेबलाच्या मधोमध मातीवर ठेवलाय, ३३ वर सेट करून.

---

कोवळं_ऊन
१६ नोव्हेंबर, रात्री १०:००

चूक प्रोबची आहे. टेबलाचा मध्य ३३ व्हावा म्हणून दिवे पूर्ण ताकदीने जळताहेत, आणि मध्य ३३ होणारच नाही. शिवाय एवढ्या कासवाची पाठ जमिनीपासून सहा-सात सेंमी वर. तुम्ही फरशी मोजताय, पाठ दिव्याच्या २३ सेंमीवर आहे. फरशी ओल्या मातीवर टेकलेली, खालून गार होत राहते. पाठीला ती सवलत नाही. कासव बसलेलं असताना गन पाठीवर धरा, १० ते १५ सेंमी अंतरावरून. लांबून धरली तर ती आजूबाजूची सरासरी दाखवते. ४० च्या वर दिसणार, पैज लावा.

दिवे ४२ सेंमीवर न्या. प्रोब दिव्यांच्या झोताच्या कडेला, पाठीच्या उंचीवर, काडीला बांधून. मातीवर ठेवला तर कासव तो पुरून टाकतं, थर्मोस्टॅटला वाटतं सगळं गार आहे आणि दिवे ओकत राहतात. थर्मोस्टॅट डिमिंग प्रकारचाच असेल याची खात्री करा. चालू-बंद करणाऱ्यावर हॅलोजन दिवसभर लुकलुकतो आणि महिन्याभरात जातो. तो चालू-बंदवाला सिरॅमिकला चालेल. यूव्हीबी नळी मात्र कुठल्याही थर्मोस्टॅटवर नाही, थेट टायमरवर.

---

निफाडचा_गारठा
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं, कारण वरची मांडणी जशीच्या तशी इथे उचलू नये.

आपल्याकडे अडचण रात्रीची. नाशिक-निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो, पण दुपारी स्वच्छ ऊन आणि २५च्या पुढे. असं फुकटचं यूव्हीबी असताना नळी कशाला? सकाळी साडेनऊनंतर अंगणात किंवा गच्चीवर, सावलीचा आडोसा ठेवून, चार वाजता आत. गच्चीच्या कोब्यावर थेट सोडू नका, माती भरलेला वाफा करा.

इथे बऱ्याच जणांकडे सुलकाटा जातीचं कासव असतं. ते सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं, शीतनिद्रा घेतच नाही. त्याला गारठ्यात ‘झोपू दे’ म्हणून सोडणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण. रात्रीसाठी प्लायवूडची पेटी, दोन फळ्यांमध्ये दोन इंच थर्मोकोल, दाराला पीव्हीसीच्या पट्ट्या. आत छताला सिरॅमिक हीटर, भोवती जाळी, थर्मोस्टॅट लहान पिल्लांसाठी २५ वर. थर्मोकोल उघडा ठेवू नका, कासव तो खातं.

आणि कागदपत्रं. सुलकाटा परदेशी आणि साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टातलं, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी. स्टार कासव मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, ते घरात ठेवताच येत नाही. २०१९ पासून ते साइट्सच्या पहिल्या परिशिष्टातही आहे. ‘घरात कासव शुभ’ म्हणून कुणी आणून दिलं तर वनविभागाला कळवा. त्याच्या हिवाळ्याच्या टिपा इथे मागू नका.

---

पाठीवर_बिऱ्हाड
२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

पाठीवर ४४ अंश होते. दिवे वर घेतले, प्रोब काडीला बांधला, आता ३५ दाखवतं. सकाळी साडेसातला स्वतःहून स्लेटवर येऊन पाय मागे ताणून बसतं, तासाभराने फिरायला निघतं. वजन ३१६. काढलेल्या हीट मॅटचं काय करू, दुकान परत घेत नाही.

---

ढेकळं
२३ नोव्हेंबर, रात्री ८:००

फेकू नका. कासवांसाठीचं रानपाल्याचं मिश्र बियाणं मिळतं. पसरट ट्रेमध्ये तीन सेंमी माती, वर बी भुरभुरवा आणि ती मॅट ट्रेखाली सारा. थंड खिडकीत पंधरा दिवस रुसून बसणारं बी चार-पाच दिवसांत वर येतं. कोंब दिसले की मॅट काढून ट्रे एलईडीखाली, आणि दर दोन आठवड्यांनी एक नवा ट्रे. आज पेरलंत तर पहिला ट्रे जानेवारीच्या सुरुवातीला कासवासमोर अख्खाच ठेवता येईल. कापून देऊ नका, मुळासकट चरू द्या.